पहिल्या दिवसाचं तिकीट

माझी भाची येत्या उन्हाळ्यात तीन मैत्रिणींबरोबर पाठीवर सॅक टाकून युरोपला निघाली आहे. परवा ती यादी घेऊन आली. कुठले राजवाडे, कुठली संग्रहालयं, कुठल्या पुलावरून सूर्यास्त चांगला दिसतो, सगळं तिने व्यवस्थित उतरवून घेतलं होतं. मला म्हणाली, "मामा, यात काय राहिलंय ते सांग." मी यादी वाचली आणि म्हटलं, "पहिला दिवस राहिलाय."

मंडळी, परक्या शहरातला पहिला दिवस स्थळं पाहण्याचा नसतोच. तो त्या शहराच्या रीतीभाती शिकण्याचा असतो. तिथल्या लोकांना त्या लहानपणापासून ठाऊक असतात, त्यामुळे त्या कोणी मुद्दाम सांगत नाही. आणि आपल्याला ठाऊक नसल्यामुळे आपण त्या विचारतही नाही. मी त्या व्हिएन्नात शिकलो, २००७ सालच्या जून महिन्यातल्या एका रविवारी. शिकवणीची फी जरा जास्त पडली, एवढंच.

आम्ही चौघे मित्र. सह्याद्रीत वीस वर्षं एकत्र भटकलेले. एक बँकेत, एक औषधाच्या दुकानाचा मालक, मी सरकारी कचेरीत, आणि चौथा शाळेत भूगोल शिकवणारा, मूळचा चंद्रपूरचा. आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो. मास्तरने या सहलीसाठी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. युरो तेव्हा पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, आणि प्रत्येक युरो खर्च करताना आमच्या डोक्यात तो गुणाकार चालू असायचा.

विमान सकाळी उतरलं. उन्हाळ्यात व्हिएन्नाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे शरीराला दुपार झालेली आणि शहर मात्र नुकतंच जागं झालेलं. विमानतळावरून एस-७ या लोकल गाडीने पंचवीसेक मिनिटांत आम्ही लांडश्ट्रासे स्थानकावर आलो. तिथल्या यंत्रातून ७२ तासांचे चार पास काढले. शहरातली भुयारी रेल्वे, ट्राम, बस, सगळ्याला तोच पास चालणार होता. मी सहा महिने जर्मनचे वर्ग केले होते, त्यामुळे भाषेचं खातं माझ्याकडे होतं.

भुयारी रेल्वेकडे निघालो, तर आत जायला ना फाटक, ना तिकीट पाहणारा माणूस. सरळ फलाटावर जा आणि गाडीत बसा. वाटेत फक्त एक निळी पेटी होती. तिच्यावर 'एंटवेर्टन' असं काहीतरी लिहिलेलं. मी खिशातला छोटा शब्दकोश काढला. अर्थ दिला होता, 'किंमत नाहीशी करणे'. मी मित्रांना बजावलं, "त्यात पास घालू नका रे! बाद होईल. ती वापरून झालेली तिकिटं रद्द करायची पेटी दिसते." चौघांनीही पास जपून पाकिटात ठेवले.

यू-३ गाडी आली. सॅका मोठ्या, म्हणून दोघे एका डब्यात, दोघे शेजारच्या डब्यात असे चढलो. वेस्टबानहोफ स्थानकावर उतरून पाहतो, तर मास्तर आणि बँकवाला फलाटावर उभे, आणि त्यांच्याशी साध्या कपड्यातले दोघे जण बोलत होते. ते तिकीट तपासनीस होते. दार बंद होईपर्यंत ते इतर प्रवाशांसारखे उभे राहिले होते आणि गाडी सुटल्यावर त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं होतं. व्हिएन्नाच्या बोलीत त्यांना 'श्वार्त्सकाप्लर' म्हणतात, म्हणजे काळ्या टोपीवाले. पूर्वी ते काळी टोपी घालायचे, म्हणून हे नाव. टोपी गेली तरी नाव राहिलं. आपल्या काळ्या कोटवाल्या टीसीचेच हे भाऊबंद.

पास होता, पण त्यावर शिक्का नव्हता. त्या निळ्या पेटीत पास सरकवला, की त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण छापलं जातं आणि तिथून ७२ तास मोजायला सुरुवात होते. शिक्का नसलेला पास आज वापरून उद्या पुन्हा नवा म्हणून वापरता येतो. म्हणून कायद्याच्या दृष्टीने आमचे दोघे मित्र विनातिकीट होते. तपासनीस अतिशय सभ्यपणे बोलत होते. परदेशी आहोत, माहीत नव्हतं, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि पावतीपुस्तक उघडलं. दंड माणशी, आमच्या होस्टेलच्या तीन रात्रींच्या भाड्याएवढा. मास्तरने काही न बोलता नोटा मोजून दिल्या. त्याचे हात मला अजून आठवतात.

तपासनीस गेले तेव्हा औषधवाला निळ्या पेटीकडे बघत म्हणाला, "अरे, हे तर आपलं कूपनचं यंत्र!"

मुंबईकरांना आठवत असेल. लोकलच्या स्थानकांवर तेव्हा कूपन छापायची यंत्रं होती. कूपनांची पुस्तिका विकत घ्यायची, प्रवासाआधी भाड्याएवढी कूपनं यंत्रात घालायची, त्यावर तारीख, वेळ आणि स्थानक उमटायचं. पुढे ती यंत्रं बंद झाली. पण २००७ मध्ये आम्ही ती रोज डोंबिवलीला पाहत होतो. नुसतं कूपनपुस्तक खिशात असून चालत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. परदेशात पाऊल टाकल्याबरोबर मात्र इथलं सगळं वेगळंच असणार, अशी आम्ही समजूत करून घेतली आणि घरचं शहाणपण विमानतळावरच ठेवून आलो.

आता, फाटक नसण्यामागचा हिशेब काय, तो सांगतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट तपासायचं तर प्रत्येक दारावर यंत्र किंवा माणूस हवा, आणि गर्दीच्या वेळी रांगा लागणार. ट्रामला तर पाच-सहा दारं, तिकीट दाखवून चढायचं म्हटलं तर एकेका थांब्यावर गाडी खोळंबणार. त्यापेक्षा सगळी दारं उघडी ठेवायची, प्रवाशाने स्वतःच शिक्का मारायचा, आणि अधूनमधून, कोणाला आधी कळणार नाही अशी तपासणी करायची. तपासणी क्वचित होते म्हणून दंड जबर असतो. आपण याला विश्वास म्हणतो, आणि तो आहेही. पण त्या विश्वासाला हिशेबाची जोड आहे. मुंबईच्या लोकलचाही कारभार मुळात असाच आहे. फलाटावर जायला तिथेही फाटक नाही.

व्हिएन्नाने पुढे आणखी एक गोष्ट केली. २०१२ मध्ये वर्षभराच्या पासचा दर ३६५ युरो केला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि तो अनेक वर्षं टिकवला. काही वर्षांतच शहरात मोटारींपेक्षा असे पास जास्त झाले. ज्याच्या खिशात वर्षाचा पास आहे, त्याला चोरून प्रवास करण्याचं कारणच उरत नाही.

हे सगळं मी आता शांतपणे सांगतोय. त्या सकाळी फलाटावर वातावरण वेगळं होतं. बँकवाला चिडून म्हणाला, "शब्दकोश तुझा, सल्ला तुझा, आणि पैसे आमचे!" त्याचं खरंच होतं. माझ्याही पासवर शिक्का नव्हता. मी फक्त शेजारच्या डब्यात होतो म्हणून सुटलो. मी म्हटलं, दोघांचाही दंड मी भरतो. मास्तर एवढंच म्हणाला, "आधी सामान ठेवू." चौघांनी निमूटपणे निळ्या पेटीत पास सरकवले आणि आम्ही बाहेर पडलो.

होस्टेलवर खोली दुपारी तीननंतर मिळणार होती. हीही एक रीत. पण सामान ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, फक्त कुलूप आपलं हवं. सॅका ठेवल्या आणि मारियाहिल्फर श्ट्रासे या बाजाराच्या रस्त्याने चालू लागलो. रविवार असल्यामुळे दुकानं झाडून सारी बंद. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदा आहे. उपाहारगृहं चालू असतात आणि मोठ्या रेल्वे स्थानकातली काही दुकानंही. पण सकाळच्या दंडानंतर उपाहारगृहात शिरायचा धीर कोणाला नव्हता. एका बाकावर बसून मास्तरच्या आईने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तहान लागली म्हणून एका टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, दोन युरोंच्या वर पैसे मोजून. तोंडाला लावली तर सोडा निघाला!

परत येऊन होस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, नळाचं पाणी प्यायलं तर चालेल का? ती आमच्याकडे बघतच राहिली. मग तिने शहराची माहिती देणारं एक पत्रक पुढे केलं. त्यातला मजकूर मी अडखळत वाचू लागलो. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये. पाणी डोंगरातून उताराने आपोआप शहरात येतं, त्यासाठी पंप लागत नाहीत. पूर्वी शहर विहिरींचं आणि नदीकाठचं पाणी प्यायचं आणि विषमज्वराने माणसं मरायची. झऱ्यांचं पाणी आल्यावर तो रोग झपाट्याने कमी झाला. पहिल्या योजनेचा पुरस्कार करणारे भूगर्भशास्त्रज्ञ होते एदुआर्द झ्यूस.

सकाळपासून गप्प असलेला मास्तर ताडकन उठला. "झ्यूस? गोंडवनाचा झ्यूस?"

आम्हाला काही कळेना. मग मास्तरने आम्हाला भर होस्टेलात भूगोलाचा तास दिला. भारत आणि आफ्रिका यांच्यात एके काळी सलग भूमी असली पाहिजे, असं झ्यूस यांनी १८८५ च्या सुमारास मांडलं आणि तिला नाव दिलं 'गोंडवनलँड'. मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखातल्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञ आधीच गोंडवना म्हणत होते, तिथून ते नाव आलं. "म्हणजे आमच्या चांद्याकडचं नाव या माणसाने जगाच्या नकाशावर नेलं," मास्तर म्हणाला, "आणि त्यानेच आणलेलं पाणी सोडून आपण सोडा विकत घेतला!" सकाळनंतर तो पहिल्यांदा हसला. चौघांनी नळाखाली बाटल्या भरल्या. पाणी इतकं गार, की हरिश्चंद्रगडावरच्या टाक्याची आठवण झाली.

संध्याकाळी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. डोळ्यांवर झापड होती, पण पहिल्या दिवशी उजेडी झोपलं की पुढचे चार दिवस बिघडतात. जूनमध्ये तिथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. जुना तट पाडून बांधलेल्या रिंगश्ट्रासे या रुंद रस्त्याने, १८६९ मध्ये उघडलेल्या ऑपेरागृहावरून चालत श्वार्त्सेनबेर्गप्लात्सला गेलो. पहिली जलवाहिनी सुरू झाली तेव्हा तिथे एक उंच कारंजं उडवलं होतं. ते अजून आहे, आणि रात्री त्यावर रंगीत दिवे लागतात. त्याच्या कठड्यापाशी बसून मी पुन्हा दंडाचा विषय काढला. पैसे माझ्याकडून घ्या, म्हटलं.

मास्तर म्हणाला, "शब्दकोश तू वाचलास, पण मान चौघांनी हलवली. ट्रेकला वाट चुकली की पुढच्या एकट्यालाच परत पाठवतो का आपण?" बँकवाल्याने काही न बोलता वही काढली आणि दंडाची रक्कम सामाईक खर्चात लिहिली. बेरीज जमवण्यासाठी साल्झबुर्गचा एक मुक्काम कमी करावा लागला. तो कोणता करायचा, हेही तिथेच ठरलं.

म्हणून भाचीला मी चार गोष्टी लिहून दिल्या. एक, पहिल्या गाडीत बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, तिकीट वैध कसं होतं? आता तिकीट मोबाइलवर निघतं, त्याला बहुधा शिक्का लागत नाही. पण कागदी तिकीट असेल तर शिक्क्याचं यंत्र शोधा. दोन, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे विचारायला लाजू नका. तीन, पोचण्याचा दिवस रविवार असेल तर शिदोरी बरोबर ठेवा. आणि चार, चुकीचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे घरून निघण्याआधीच ठरवा.

चौथी गोष्ट वाचून ती म्हणाली, "एवढी वेळ कशाला येईल, मामा?" मी म्हटलं, "नाहीच आली, तर उत्तमच. पण ठरवून ठेवा."