कुत्र्याची खूण आणि याओंची सनद

चिनी कोशात कुत्र्याचा मुक्काम ९४ क्रमांकाच्या घरात. १७१६ साली पुऱ्या झालेल्या कांगशी कोशात अक्षरे ज्या २१४ वर्गखुणांखाली लावली आहेत, त्यांपैकी कुत्र्याची ही एक. सुटी लिहिली तर चार फटकाऱ्यांची. अक्षराच्या डाव्या अंगाला बसली की तीनच. वरून डावीकडे एक तिरका फटकारा, त्याला छेदून उतरणारा बाकदार आकडा, खाली आणखी एक तिरका. लांडगा, माकड, सिंह याच खुणेखाली नांदतात; वेडेपणाही इथेच. जपानी लोक तिला ‘केमोनो-हेन’, म्हणजे जनावराची बाजू, म्हणतात.

इथवर ठीक. पण शेकडो वर्षे या घरात माणसेही कोंबलेली होती.

इसवी सन १०० च्या सुमारास शू शेनने रचलेल्या कोशातच उत्तरेकडचे ‘दी’ लोक कुत्र्याच्या कुळीतले ठरले होते, दक्षिणेकडचे ‘मान’ सापांच्या. पुढे नैऋत्येच्या डोंगरांतल्या याओ, झुआंग, गेलाओ यांच्या नावांनाही दरबारी कुंचल्याने कुत्रा चिकटवला.

याओंचे प्रकरण सर्वांत रंजक. जुन्या इतिहासग्रंथांत ‘मोयाओ’ नावाचे लोक भेटतात, म्हणजे वेठ माफ असलेले. त्या ‘याओ’च्या डावीकडे चालण्याची खूण होती. नंतर तिच्या जागी कुत्रा आला. दोन्ही खुणा तीन फटकाऱ्यांच्या, दिसायला जवळच्या. तरी याला हस्तदोष म्हणणे फारच भोळेपणाचे.

आणि तरीही कुत्रा याओंना परका नव्हता. त्यांच्या घराण्यांनी चिनी लिपीतली एक सनद पिढ्यान्‌पिढ्या नकलून जपली. तिच्या अनेक प्रतींवर सोंग काळातले, १२६० चे साल आहे. मजकूर असा : पानहू नावाच्या कुत्र्याने पिंग राजाच्या शत्रूला मारले आणि बक्षीस म्हणून राजकन्या मिळवली. त्यांच्या सहा मुलगे, सहा मुलींपासून बारा कुळे झाली. या कुळांनी डोंगरउतार खुशाल कसावेत. सारा नाही, वेठ नाही. थायलंड-व्हिएतनामच्या डोंगरांतल्या याओंकडेही या सनदेच्या प्रती सापडल्या आहेत. दरबाराने ज्या कुत्र्यावरून हिणवले, त्याच्याच नात्यावर यांनी सारा-वेठीची सूट मागितली!

१९३९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारने अशी अवमानकारक नावे बदलण्याचा हुकूम काढला. मानववंशशास्त्रज्ञ रुई यीफू यांनी किडे-जनावरांच्या खुणा लावलेल्या नावांचा माग काढणारा लेख १९४१ मध्ये लिहिला. कुत्र्याच्या जागी बहुधा माणसाची खूण आली. साम्यवादी राजवटीत याओंना रत्नाची मिळाली : दोन आडव्या रेघा, एक उभी, तळाशी उजवीकडे चढणारी चौथी. झुआंगांचे मात्र माणसाच्या खुणेनेही भागेना, कारण ते अक्षर ‘पोऱ्या, नोकर’ या अर्थानेही वाचले जाई. अखेर १९६५ मध्ये पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्या सूचनेवरून ‘बलदंड’ अर्थाचे अक्षर आले.

ज्यूंच्या चिनी नावातल्या पहिल्या अक्षरात मात्र कुत्रा आजही आहे. ‘अजून’ या अर्थाचे ते रोजच्या वापरातले जुने अक्षर केवळ उच्चारासाठी घेतलेले, त्यामुळे त्यातला कुत्रा सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही.