संगणकाची घरगुती जुळणी : सुट्या भागांची निवड आणि परस्पर-अनुरूपता

प्रस्तावना

संगणक ही एक अखंड वस्तू आहे, असा सर्वसामान्य समज असतो. प्रत्यक्षात डेस्कटॉप संगणक म्हणजे निरनिराळ्या उत्पादकांनी बनविलेल्या सात-आठ सुट्या भागांचा संच होय. १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने आणलेल्या वैयक्तिक संगणकाचे बहुतेक भाग इतर उत्पादकांकडून घेतलेले होते आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध करण्यात आली होती. त्यामुळे त्याला जुळणारे भाग बनविणे इतरांना शक्य झाले. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या ए.टी.एक्स. या मानकाने मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा व वीजजोडणी यांत एकसूत्रीपणा आणला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील चार दुकानांतून घेतलेले भाग एका कॅबिनेटमध्ये बसू शकतात, ते या मानकीकरणामुळेच.

तथापि, सर्वच भागांचे मानक सारखे स्थिर नाही. कॅबिनेट व एस.एम.पी.एस. यांचे मानक दीर्घकाळ टिकले आहे. प्रोसेसरचे सॉकेट व रॅमचा प्रकार मात्र काही वर्षांनी बदलतो. प्रथमच जुळणी करणाऱ्याचे पैसे बहुधा हा फरक न जाणल्याने वाया जातात. म्हणून भाग किती श्रेष्ठ आहे यापेक्षा तो इतर भागांशी किती अनुरूप आहे, हा निवडीचा मुख्य निकष ठरतो.

गरजेची निश्चिती

निवडीचा प्रारंभ कामापासून व्हावा. लेखन, सादरीकरणे, ऑनलाइन व्याख्याने व सांख्यिकीय विश्लेषण यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची सहसा आवश्यकता नसते. प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्स पुरेसे होते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ही सोय नसते. किंमत थोडी कमी म्हणून असा प्रोसेसर घेतल्यास कार्डाअभावी पडद्यावर काहीच दिसत नाही.

अनुरूपतेच्या तीन कसोट्या

१) सॉकेट : प्रोसेसर व मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे लागते. ए.एम.डी.च्या ए.एम. ४ प्रकारात पिना प्रोसेसरच्या तळाशी असतात, तर २०२२ मध्ये आलेल्या ए.एम. ५ मध्ये त्या मदरबोर्डवर असतात. सॉकेट जुळूनही मदरबोर्डचे बायोस जुने असेल, तर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही.

२) रॅम : डी.डी.आर. ४ व डी.डी.आर. ५ या दोहोंना २८८ संपर्कबिंदू असले, तरी खाचेची जागा भिन्न असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. खाच जुळत नसताना जोर लावणे म्हणजे मदरबोर्ड गमावणे होय.

३) साठवण : एम. २ प्रकारच्या पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या असतात. परंतु काही साटा पद्धतीच्या, तर काही एन.व्ही.एम.ई. पद्धतीच्या असतात. मदरबोर्ड कोणती पद्धत स्वीकारतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहणे इष्ट.

वीजपुरवठा : दुर्लक्षित घटक

एस.एम.पी.एस. घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. खर्च कमी करताना पहिली कात्री बहुधा यावरच चालते. पण याच्यातील दोष इतर सर्व भागांना बाधू शकतो. काही एस.एम.पी.एस.च्या केबल्स सुट्या होतात. त्यांची टोके दिसायला सारखी असली, तरी पिनांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो. एकाची केबल दुसऱ्याला लावल्यास हार्ड डिस्क जळू शकते.

अर्थिंगचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असूनही अर्थिंगची तार जोडलेली नसते. एस.एम.पी.एस.मधील फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग नसल्यास पत्र्यावर अल्प प्रवाह येतो व हाताला झिणझिण्या जाणवतात. हा दोष संगणकाचा नसून घराच्या वायरिंगचा असतो. तो जुळणीपूर्वीच इलेक्ट्रिशियनकडून दूर करून घ्यावा.

जुळणीचा क्रम

मदरबोर्ड प्रथम त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर व रॅम बसवावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवावा. प्रोसेसर दाब न देता आपोआप बसला पाहिजे. चार खाचांच्या मदरबोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या बहुधा दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवितात. कूलरखाली थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब पुरतो. एस.एम.पी.एस. जोडून या अवस्थेत एकदा चाचणी घेतल्यास दोष लवकर सापडतो.

त्यानंतर वीज पूर्णपणे बंद करून मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवावा. त्याखालील पितळी आधार छिद्रांच्या बरोबर खालीच असावेत. एखादा भलत्या जागी राहिल्यास शॉर्ट सर्किट होते. २४ पिनांची मुख्य केबल सर्वांच्या लक्षात राहते, प्रोसेसरची ८ पिनांची केबल मात्र अनेकदा विसरली जाते. मग पंखे फिरतात, पण संगणक सुरू होत नाही. एस.एम.पी.एस. कोणत्याही कारणास्तव उघडू नये; वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार शिल्लक राहू शकतो.

समारोप

स्वतः जुळविलेला संगणक नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. तयार संगणकाला एकत्रित वॉरंटी मिळते. येथे प्रत्येक भागाची वॉरंटी व बिल स्वतंत्रपणे जपावे लागते. खरा लाभ पुढे दिसतो. २०१७ मध्ये ए.एम. ४ मदरबोर्ड घेतलेल्या अनेकांना बायोस अद्ययावत करून २०२२ पर्यंतचे नवे प्रोसेसर त्यावर बसविता आले. ज्याने भाग स्वतः जोडले, त्याला बिघाड कोठे आहे हे शोधता येते आणि एका भागासाठी संपूर्ण संगणक टाकून द्यावा लागत नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एखादा सुटा भाग नादुरुस्त झाल्याने संपूर्ण संगणक बाजूला पडतो, तेव्हा या ज्ञानाचे मूल्य अधिकच जाणवते.