उंदरांच्या भरवशावर कापशीचा संसार

लखनौच्या रायबरेली रस्त्यालगतची वृंदावन योजना ही निवासी वसाहत अजून पुरती भरलेली नाही. इमारतींच्या अधेमधे मोकळे भूखंड आहेत. त्यांत गवत माजतं, गवतात उंदीर वाढतात. रहिवाशांच्या लेखी ही पडीक जागा असेल, पण कापशीसाठी ते भरलेलं कोठार असतं.

कापशी ही साधारण कावळ्याएवढी शिकारी घार. पाठ राखाडी, पोट पांढरं, खांद्यावर काळा पट्टा, डोळे लालभडक. विजेच्या तारेवर बसून ती शेपटी झटक्याने वरखाली करत असते. घुबडासारखे तिचे डोळे समोर रोखलेले असतात. शिकारीला निघाली की ती हवेत पंख फडफडवत एका जागी थांबते, खालचं गवत न्याहाळते, थोडी खाली येते, पुन्हा थांबते. खात्री पटली की पंख उंच धरून, पाय लोंबते सोडून खाली उतरते. ५ ते ९ फेब्रुवारी २०२० दरम्यान याच वृंदावन योजनेत संरक्षण सामग्रीचं ‘डेफएक्स्पो’ प्रदर्शन भरलं, तेव्हा हवाई कसरतींना गर्दी लोटली होती. कापशीची ही कसरत मात्र फुकट आणि बारमाही. उंदरांखेरीज नाकतोडे, सरडेही तिला चालतात. हरभऱ्यात पक्षीथांबे रोवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला असा पाहुणा हवाच असतो.

आफ्रिकेपासून फिलिपिन्सच्या बेटांपर्यंत पसरलेल्या या पक्ष्याच्या विणीला ठरावीक ऋतू नाही. भारतात एप्रिल-मे सोडले तर घरटी जवळपास वर्षभर सापडतात. उंदीर मुबलक झाले की जोडी जमते, आरडाओरडा आणि पाठलाग सुरू होतो. झाडाच्या शेंड्याकडे काटक्यांचं विरळ घरटं उभं राहतं. त्यात राबते जास्त मादीच. अंडी तीन-चार, फिकट पिवळसर, त्यांवर गडद लाल ठिपके. उबवायला दोघंही बसतात.

पिल्लं बाहेर आली की कामं वाटली जातात. नर शिकार आणतो, मादी ती पिल्लांना भरवते आणि जमलं तर घरट्याच्या आसपास स्वतःही काहीतरी मारते. उडता यायला लागलं म्हणून पिल्लं स्वावलंबी होत नाहीत. पुढचे जवळजवळ ८० दिवस ती बापाच्याच जिवावर असतात. सुरुवातीला तो फांदीवर येऊन घास देतो. नंतर मात्र पिल्लांना वर उडत जाऊन, त्याच्या पायांतला उंदीर हवेतल्या हवेत घ्यावा लागतो.