ब्लाउजची शिवण दरवर्षी का उसवावी लागते?

१४ एप्रिल जवळ आली की आई पेटीतून पांढरी साडी काढायची आणि ब्लाउज अंगाला लावून बघायची. मग तो टेलरकडे जायचा. "बाजूची शिवण थोडी उसव रे बाबा." दरवर्षी अर्धा इंच. सहाव्या वर्षी टेलर म्हणाला, "मावशी, आता आत कापडच उरलं नाही." आम्ही सगळे हसलो, आईही हसली. मी तेव्हा एका दवाखान्यात नर्स होते. दिवसाला पन्नास लोकांचं बीपी मोजत होते, आणि माझ्याच आईची कंबर तीन इंच वाढली हे मला दिसत असून कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. दुखलं नाही, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. दुखलं नाही, कारण साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. साखर तपासली तेव्हा उपाशीपोटी २८० निघाली. अंगठा वाचला नाही.

सुटी देताना आईच्या हातात एक छापील कागद दिला गेला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन राइस, ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल, संध्याकाळी बदाम-अक्रोड. आईने तो घडी करून उशीखाली ठेवला. दोन दिवसांनी हळूच विचारलं, "ओट्स म्हणजे काय गं?" आमच्या नागपुरातल्या वस्तीत घरी येतं ते राशनचं तांदूळ-गहू, माणशी ५ किलो. आजचं पान मी त्या कागदाच्या बदल्यात लिहिते आहे.

आपल्यात अंगाने भरलेल्या बाईला "खात्यापित्या घरची" म्हणतात. बारीक म्हणजे गरिबी, नाहीतर टीबी. यात नवल नाही. माझ्या आजीच्या घरी तेल छोट्या बाटलीत असायचं, साखर पाहुण्यापुरती आणि भात सणावाराला. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही, त्या घरात भूक होती. हातात चार पैसे आले तेव्हा आपण आधी तेच विकत घेतलं जे कधी मिळालं नव्हतं. पाहुण्याच्या वाटीत तर्री तरंगली नाही तर आजही यजमानाला कमीपणा वाटतो. पण आता काळ उलटला. तेल, साखर, मैदा, पांढरा भात याने सगळ्यात स्वस्तात पोट भरतं. डाळ, अंडी, भाजी, फळ महाग पडतं. म्हणून वस्तीतलं वाढलेलं पोट म्हणजे श्रीमंती नव्हे. एकाच बाईचं वजन जास्त आणि रक्त कमी, असं मी रोज बघते. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायांचं वजन जास्त निघालं आणि ५७ टक्क्यांना रक्तक्षय.

वजनकाटा नसला तरी चालेल. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि ती दुहेरी सुतळी बेंबीच्या जरा वर, फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये गुंडाळा. श्वास ओढून पोट आत घेऊ नका, सगळेच घेतात! टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या अर्ध्याहून जास्त झाली. टेप असेल तर बाईसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषासाठी ९० सेंटीमीटर ही सावध होण्याची खूण. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी आपल्याकडची ठेवण असते. पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबीच साखर आणि बीपी वाढवते. पँटचा पट्टा पोटाखाली बांधून "माझा नंबर तोच आहे" म्हणणाऱ्या दादांनी ही सुतळी आधी लावावी.

आता स्वयंपाकघर. आमच्या घरी पाच माणसं आणि महिन्याला तेलाची पाच पाकिटं लागत. माणशी अर्धा लिटर धरला तर अडीच पुरतात. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, एक ग्रॅम धान्यात किंवा साखरेत ४. म्हणजे पोट न भरता अंगावर चढण्यात तेलाचा पहिला नंबर. आम्ही काय केलं? महिन्याचं तेल एका डब्यात मोजून काढलं आणि पाकिटातून सरळ कढईत ओतणं बंद केलं. फोडणीला पळी नाही, चमचा. पहिल्या महिन्यात बाविसाव्या दिवशी डबा रिकामा झाला आणि घरात भांडण झालं, हेही सांगते. तिसऱ्या महिन्यात जमलं. रविवारचं मटण आम्ही सोडलेलं नाही, तुम्हीही सोडू नका. शिजल्यावर वरची तर्री पळीने काढून ठेवा, बस. रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटात कलेजीचे दोन तुकडे आधी पडू द्या. ते नेमके मुलांच्या आणि पुरुषांच्या ताटात जातात.

चहाचा हिशोब तर कोणी करतच नाही. दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे साखर, तर दिवसाला ६० ग्रॅम होते. महिन्याला एका माणसाची पावणेदोन किलोच्या वर. त्या ६० ग्रॅममध्ये दोन-अडीच पोळ्यांइतकी ऊर्जा आहे आणि भूक तर तशीच राहते. आईने एकदम फिका चहा घेतला नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला आणि कप तीनवर आणले. चहासोबतची पाच रुपयांची बिस्किटं गेली, त्या जागी फुटाणे आले.

भात बंद करा असं मी सांगणार नाही. राशनचं तांदूळ घरात असताना ते बोलणं खोटं ठरेल. पण ताटात आधी भाताचा डोंगर आणि शेवटी उरलं तर भाजी, हा क्रम उलटा करा. आधी भाजी आणि वरण, मग एक वाटी भात. भाजी संध्याकाळी बाजार उठताना स्वस्त मिळते. पावसाळ्यात तरोटा, घोळ, आंबाडी, आणि बारा महिने मुनग्याचा पाला आहेच. अंडं उकडून. सुके झिंगे असतील तर आधी पाण्यातून काढा आणि वरून मीठ घालू नका. ज्वारीची भाकर चांगली, पण "ज्वारीने शुगर उतरते" म्हणून चार-चार भाकरी खाणारे मला भेटतात. भाकर म्हणजे औषध नव्हे, तीही मोजूनच खायची.

आणि उरलेलं अन्न. रात्री सगळे जेवले की पातेल्यात दोन मुठी भात उरतो. टाकवत नाही, म्हणून बाई खाते, तोही उभ्याने. वर्षभर हे चालतं आणि शेवटी घरातलेच म्हणतात, "ही किती जाड झाली." तांदूळ एक मूठ कमी शिजवा. सासूबाई ओरडतील, ओरडू द्या.

धुणीभांडी करणारी एक ताई मला म्हणाली, "सिस्टर, मी चार घरी राबते. मला चालायला कशाला सांगता?" तिचं बरोबर आहे. ते कष्ट म्हणजे अंगमेहनतच आहे. तिचं दुखणं खाण्याच्या वेळेत आहे. सकाळी सहाला नुसता चहा, प्रत्येक घरी पुन्हा चहा, कुणाकडची शिळी मिठाई, चार वाजता पहिलं जेवण आणि रात्री दहाला पोटभर भात. तिने भाकर-भाजीचा डबा सोबत न्यायला सुरुवात केली, एवढंच. मिठाईला "नको" म्हणायला तिला सगळ्यात जास्त हिंमत लागली. चालायचं ते शिलाई मशीनवर, दुकानात, ऑटोत, चौकीदाराच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. गल्लीत नाली, कुत्री, अंधार आहे हे मला माहीत आहे. आम्ही तिघी मिळून जातो, नाहीतर विहाराच्या आवारात फेऱ्या मारतो. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी वाढलेली साखर उतरायला मदत होते. गुडघे दुखणाऱ्यांनी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावं-बसावं.

काटा हलला नाही म्हणून सोडू नका. चेन्नईच्या डॉक्टरांनी साखर सीमेवर असलेल्या माणसांना खाण्यात बदल आणि रोजचं चालणं असं तीन वर्षं करायला लावलं. अभ्यास २००६ साली छापून आला. त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी आहे. भरमसाट भात खाऊन धापा टाकत तो भगवंतांकडे आला. त्यांनी उपास सांगितला नाही, भान ठेवून माप ओळखून खायला सांगितलं. राजाने एका तरुणाला रोज शंभर कहापण देऊन जेवताना ती आठवण करून द्यायला ठेवलं आणि हळूहळू तो सडपातळ झाला. आमच्याकडे हे काम माझ्या भाचीकडे आहे. ती फुकटात आणि फार मोठ्याने करते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपण विसरतो. त्या आजाराने त्यांचं शरीर किती पोखरलं, ते त्यांच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचताना कळतं.

काही गोष्टी मात्र करू नका. गरोदर बाईने वजन उतरवायच्या मागे लागू नये. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये, चक्कर येऊन पडेल. वस्तीत दोन-तीन हजारांना वजन उतरवायची पावडर विकायला येतात, त्या पैशात महिनाभर घरात डाळ-अंडी येतात. आणि काही न करता वजन झपाट्याने उतरू लागलं तर खुश होऊ नका. साखर आणि टीबी, दोन्ही तपासा.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-साखर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. आशाताईकडे त्यासाठी एक फॉर्म असतो, त्यात कमरेचं मापही विचारतात. ती दारात आली की "नंतर ये" म्हणू नका. आईच्या वेळी मी ड्युटीवर होते, आणि आशाताईला आईनेच दारातून परत पाठवलं होतं.