बोंडातला बदामी

नाही पोरांनो, कुणी रंगवलेला नाही. हा कापूस झाडावरच असा बदामी पिकतो. बोटांत धरून चोळा, रंग बोटाला लागणार नाही. तो वरून चढवलेला नाहीच, तंतूच्या आत आहे. तो आत कसा आला, तेच तर सांगायचंय.

पाऊस धरल्यावर आपण परसात सरकी लावली, आठवतं ना? रात्रभर भिजवून, शेणमातीत चोळून, दोन पेरं खोल. चोळायची अशासाठी, की सरकीच्या अंगावरची बारीक लव दाबली जाते आणि एकेक बी सुटं होतं. दीडएक महिन्यानं पाती धरली, मग पिवळी फुलं आली, मधोमध काळपट लाल डोळा असलेली. फूल सकाळी उमलतं नि दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतं. आपण म्हणतो, फूल संपलं. खरी गोष्ट तर त्याच दिवशी सुरू झालेली असते.

फुलाच्या तळाशी इवलंसं बोंड असतं आणि त्यात उद्याच्या सरक्या. फूल उमलतं त्या दिवशी प्रत्येक सरकीच्या सालीवरच्या हजारो पेशी फुगून वर उठतात. त्यांतली प्रत्येक पेशी म्हणजे कापसाचा एक तंतू! एक तंतू, एकच पेशी. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी डोळ्यांना दिसतही नाहीत. ही पेशी मात्र दोनतीन आठवडे नुसती लांबत राहते, रुंदीच्या जवळजवळ हजार पट. मग लांबणं थांबतं आणि आतून सेल्युलोजचे थर बसू लागतात. आडवा कापलेला तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात वर्तुळं दिसतात, साधारण एका दिवसाचं एक. ऊन किती होतं, रात्र किती गार होती, याची नोंद त्या वर्तुळांत राहते. मला यापेक्षा सुंदर रोजनिशी माहीत नाही.

आता रंग. पांढऱ्या कापसाच्या पेशीत जवळपास सगळं सेल्युलोजच. बदामी कापसाच्या पेशीत मात्र टॅनिनच्या कुळातला पदार्थही तयार होतो. चहा, कात, डाळिंबाची साल यांना तुरटपणा देणारे पदार्थ याच कुळातले. गंमत अशी, की परवा आपण न पिकलेलं बोंड चिरलं तेव्हा आतला कापूस ओला आणि फिकट होता. बोंड उकलतं, हवा लागते, ऊन पडतं आणि मग काही दिवसांत तो बदामी रंग चढत जातो. म्हणून बोंड फुटल्या फुटल्या वेचायची घाई करायची नाही. हिरव्या कापसाची तऱ्हा याच्या उलट. त्याच्या तंतूत मेणासारख्या पदार्थाचे पातळ थर असतात, हिरवेपणा त्यांच्यामुळे येतो, आणि तो उन्हात उडतो.

"मग दुकानात असला कापूस का नाही मिळत, आजोबा?"

पूर्वी पुष्कळ होता बाळा. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर हजारो वर्षांपासून लोक तपकिरी, बदामी, जांभळट छटांचा कापूस लावत आले. चीनमधल्या नानकिंगचं पिवळसर कापड जगभर जायचं, तेही मुळात अशाच कापसाचं. आपल्याकडे आंध्रात काकिनाड्याच्या बाजूला तांबूस देशी कापूस पिकायचा. पण गिरण्या आल्या, त्यांना हवा लांब, मजबूत, एकसारखा पांढरा तंतू. रंगीत कापूस आखूड आणि नाजूक. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं पहिला कृत्रिम रंग काढला, त्यापाठोपाठ असे रंग स्वस्त होत गेले, मग रंगीत बी कोण जपणार? कुणीकुणी जपलं. पेरूतल्या बायकांनी दारात झाडं राखली, आणि २००८ मध्ये त्यांच्या देशानं तो कापूस कायद्यानं राष्ट्राचा वारसा ठरवला. १९८२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सॅली फॉक्स या बाईंच्या हाती तपकिरी कापसाचं थोडंसं बी लागलं. त्यांना हातानं सूत कातायची आवड. वर्षानुवर्षं लांब तंतूची झाडं निवडत त्यांनी यंत्रावर कातता येईल असा रंगीत कापूस तयार केला. आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनंही ‘वैदेही-९५’ हा बदामी वाण काढलाय.

सॅलीबाईंना त्रास झाला तो शेजारच्या पांढऱ्या कापूसवाल्यांचा. मिसळ होईल ही त्यांची भीती. ती अगदी खोटी नव्हती. मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतात. पण इथं एक मोठं नवल आहे. तंतू उगवतो सरकीच्या सालीवर, आणि साल असते आईच्या अंगाची. त्यामुळे परके पराग पडले तरी यंदाच्या बोंडात काहीच कळत नाही. कळतं पुढच्या वर्षी, ती सरकी पेरल्यावर, फिकट कापूस येतो तेव्हा.

शिवारातल्या संकरित पऱ्हाटीची आपल्याला तेवढी भीती नाही. तिच्या पेशीत ५२ गुणसूत्रं, आपल्या देशी कापसाच्या पेशीत २६, त्यांचं सहसा जमत नाही. आपल्याला सांभाळायचं ते मागच्या आळीतल्या वातींसाठी लावलेल्या पांढऱ्या देशी झाडापासून. म्हणून मी संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळ्यांची टोकं दोऱ्यानं बांधतो. आत माशीला वाट नाही, फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. दोरा बांधलेल्या बोंडांतली सरकी फक्त बियाण्यासाठी. बाकीच्यांचा कापूस आपण खुशाल लोढून कातू.

वेचताना दव वाळू द्या. ओला कापूस डागाळतो. पाचोळा बोंडाबरोबर आला तर तोही सुताला चिकटतो, तेव्हा नुसता कापूस चिमटीत धरून ओढा. मग पाटावर लोखंडी सळई फिरवून सरकी काढायची, पिंजायचं, पेळू करायचे आणि टकळी. तंतू आखूड आहे, म्हणून पीळ जरा जास्त द्यावा लागेल. वाळताना ती पेशी चपटी होऊन स्वतःभोवती वळते. हे वळसे एकमेकांत अडकतात म्हणून तर सूत धरतं.

कालच्या सुताची लडी दोन भागांत करा. एक तशीच ठेवा. दुसरी धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात थोडा वेळ उकळू. एरवी कापड धुतलं की रंग जातो. हा उकळल्यावर गडद होतो, कारण तंतूवरचं मेण निघून जातं आणि सोड्यानं आतलं टॅनिन आणखी काळवंडतं. पातेलं मी चुलीवर ठेवलंय, आजीला विचारून सोडा घेऊन या.