पत्ता विचारू नका!

एका ‘ती’चे तीन-चार नवरे. ती अंडी घालते आणि सरळ पुढच्या स्थळाकडे वळते. मागे राहिलेला नवरा बिचारा अंडी उबवतो, पिल्लं वाढवतो, तेही विनातक्रार! छे हो, ही कुठल्या मालिकेची स्टोरी नाही. आपल्याकडच्या तळ्यांवर दर पावसाळ्यात हा संसार मांडला जातो. या मॅडमचं नाव कमळपक्षी.

पावसाळा म्हटलं की आपले वीकेंड ठरलेले. धबधबा, कांदाभजी, सेल्फी आणि घाटातला ट्रॅफिक जॅम. गेल्या वर्षी मला त्याचा कंटाळा आला आणि जुलै ते सप्टेंबर बहुतेक रविवारच्या सकाळी मी एका तळ्याच्या काठावर काढल्या. सोबत दुर्बीण, छत्री आणि थर्मासमधला चहा. तळं पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. एवढंच सांगणार, नाव नाही. का, ते पुढे येईलच.

बाबा ऑन ड्यूटी

एरवी साधासुधा दिसणारा कमळपक्षी पावसाळ्यात एकदम पार्टीवेअरमध्ये येतो. चॉकलेटी अंग, पांढरा चेहरा, मानेमागे सोनेरी झाक आणि विळ्यासारखी वाकलेली लांब शेपटी. पायांची बोटं इतकी लांब, की स्वारी कमळाच्या पानांवरून फुटपाथवरून चालल्यासारखी चालते. मादी नरापेक्षा मोठी. घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा ओला ढीग, कधी तर नुसतंच तरंगतं पान! त्यावर चार चकचकीत तपकिरी अंडी, भोवऱ्यासारखी निमुळती.

पुढचे साधारण 26 दिवस ड्यूटी बाबांची. जांभळी पाणकोंबडी जवळ आली, की आमचे बाबा पंख फुलवून तिच्या अंगावर धावायचे. जागा धोक्याची वाटली, तर चोच आणि छातीच्या मध्ये अंडं धरून ते दुसरीकडे ओढत नेतात. पिल्लं जन्मतःच स्मार्ट. पहिल्या दिवसापासून चालतात आणि आपलं खाणं आपणच शोधतात. बाबांनी धोक्याची हाक दिली, की जागच्या जागी गपगार. वेळ आलीच तर पाण्यात दडी मारतात, फक्त चोचीचं टोक वर!

तरंगता वन रूम किचन

पण मी खरी प्रेमात पडले ती टिबुकलीच्या. कबुतराहून लहान, गोलमटोल, शेपूट जवळजवळ नाहीच. तुम्ही ‘अय्या, बदक!’ म्हणेपर्यंत ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तिचे पाय शरीराच्या पार मागे असतात. पोहायला झकास, जमिनीवर चालायला मात्र अगदी कुचकामी. म्हणून तिला घर हवं ते पाण्यातच. कुजक्या पाणवनस्पतींचा ढीग रचायचा आणि तो उभ्या गवताला अडकवायचा. पाणी थोडं वाढलं, की घरही वर!

इथे मात्र नवरा-बायको दोघंही शिफ्टमध्ये काम करतात. अंडी घातल्यावर पांढरी असतात, पण ओल्या पानांचे डाग पडून हळूहळू तपकिरी होतात. शिफ्ट सोडण्याआधी टिबुकली चोचीने भराभर पानं ओढून अंडी झाकून टाकते. घरटं मग नुसता कचरा दिसतं. हीच तिच्या घराची कडी आणि हेच कुलूप. पण त्यासाठी तिला काही सेकंद मिळायला हवेत.

‘दोनच मिनिटं, मॅडम!’

ऑगस्टमधल्या एका रविवारी तिघे जण आले. हातात मोठमोठ्या लेन्स. कुणीतरी घरट्याचा फोटो लोकेशनसकट एका ग्रुपवर टाकला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते थेट पाण्यात उतरले. टिबुकली दचकून बुडाली. अंडी उघडीच राहिली. मी काठावरून ओरडले, तर एकाने हात केला, ‘दोनच मिनिटं, मॅडम!’

घड्याळ लावून सांगते, दोनाची चाळीस झाली. बाभळीवरचा कावळा तोवर सगळं बघत होता. तिघे काठाला लागले आणि तो खाली उतरला. दुसऱ्या फेरीत त्याच्या चोचीत अंडं होतं. पुढच्या रविवारी घरटं रिकामं.

त्या तिघांना फोटो नक्कीच झक्कास मिळाले असतील. ती माणसं दुष्ट होती असंही नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 वाचा. त्यातल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक हातात असायलाच हवी असं नाही!

टिबुकली मात्र रडत बसली नाही. त्याच गवतात, थोडं आत, जोडीने नवा ढीग रचला. सप्टेंबरच्या अखेरीस आईच्या पाठीवर, पंखांच्या आडून दोन पट्टेरी डोकी बाहेर डोकावत होती. बाबा छोटासा मासा घेऊन आले, तर दोन्ही चोची एकदम उघडल्या. मी फोन काढलाच नाही. दुर्बिणीतून जे दिसत होतं, ते त्यात मावणारं नव्हतं.

जायचंय? मग एवढं पाळा

• 8 बाय 42 ची दुर्बीण नवख्यांना उत्तम. काठावर एकच जागा धरा आणि बसून राहा.

• पक्षी वारंवार ओरडायला लागला, घरट्यावरून उठला किंवा पंख मोडल्याचं नाटक करू लागला, तर ती तुमच्यासाठी नोटीस आहे. ताबडतोब मागे व्हा.

• भडक कपडे, म्युझिक आणि ड्रोन घरी ठेवा. घरट्याचा फोटो आणि पिन कुठल्याही ग्रुपवर नको.

• पोरं मोठी झाल्यावर भेटायला जा. 5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, 12 ला सलीम अलींचा. मुहूर्त याहून चांगला कुठला?

• आणि कुणी विचारलंच, ‘अगं, कुठे पाहिलीस गं टिबुकली?’ तर बिनधास्त सांगा, ‘पाण्यात!’