मुलांची चित्रे आणि शाळेची भिंत

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की आमच्या सीमाभागातील बहुतेक शाळांतून मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. धर्मगुरू या नात्याने आम्हांस अशा प्रसंगी फीत कापण्यासाठी वारंवार पाचारण होते, आणि आता दारातून आत पाऊल टाकण्यापूर्वीच आत काय असेल हे आम्हांस बहुधा सांगता येते. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत दहा-बारा चित्रे असतात. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, त्यांतून वाहत येणारी नदी, काठी झोपडी आणि नारळाची दोन झाडे. ज्या गावाच्या पंचक्रोशीत नारळाचे झाड औषधालाही सापडत नाही, तेथेही चित्रात मात्र ते हटकून असते!

एका शाळेत अशाच एका सुरेख चित्रापाशी उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलीस आम्ही विचारले, "हे तू काढलेस होय?" ती क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "झाड माझं आहे, फादर. बाकीचं सरांनी नीट केलं."

त्या सरांस आम्ही दोष देत नाही. पाहुणे येणार, पालक येणार, शाळेचे नाव राहिले पाहिजे, असे त्यांना वरून बजावलेले असते. परंतु प्रदर्शन पाहुण्यांसाठी भरवायचे असे एकदा ठरले की पुढचे सारे ओघानेच येते. शेकडो मुलांतून दहाजणांची निवड होते, त्या दहाजणांच्या चित्रांवर मोठ्यांचा कुंचला फिरतो, आणि उरलेली मुले आपल्याच शाळेत प्रेक्षक होतात. आमचे म्हणणे एवढेच की, शाळेच्या प्रदर्शनात प्रत्येक मुलाचे निदान एक चित्र असावे, ते त्याने स्वतः काढलेले व स्वतः निवडलेले असावे, आणि त्याखाली त्याचे नाव असावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो जागेचा. तो हिशेब करून पाहावा. पाव ताव कागदाचे आडवे चित्र, भोवतीची कोरी कड व मधले अंतर धरून, सुमारे दीड फूट रुंदी घेते. साठ फुटांच्या भिंतीवर एका ओळीत चाळीस व दोन ओळींत ऐंशी चित्रे मावतात. म्हणजे प्रत्येक वर्गाने आपापल्या वर्गाची किंवा व्हरांड्याची भिंत घेतली, तर मोठ्या सभागृहाची गरजच उरत नाही. भिंतीस खिळा मारू देत नसतील, तर दोन खांबांमध्ये सुतळी ताणून धुण्याच्या चिमट्यांनी चित्रे टांगावीत. वाऱ्याने ती फडफडतात खरी. खालच्या कडेसही एक सुतळी घेतली की हा त्रास संपतो.

काचेच्या चौकटींचा सोस आम्हांस कधी समजला नाही. चित्रापेक्षा चारही बाजूंस दोन-दोन बोटे मोठा असा जाड करड्या किंवा पांढऱ्या कागदाचा तुकडा घ्यावा, त्यावर चित्र बेताने चिकटवावे, आणि टाचणी त्या कडेला टोचावी, चित्राला नव्हे. पारदर्शक चिकटपट्टी चित्रावर मुळीच लावू नये. ती काढताना रंगासह कागद सोलते आणि तशीच राहिली तर पिवळी पडते. चित्रे उन्हाच्या तिरिपेत टांगू नयेत. खडूची व कोळशाची चित्रे हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात असावीत. मातीची खेळणी व पुतळे भिंतीलगतच्या टेबलावर ठेवावेत, वाटेत ठेवू नयेत. कच्च्या मातीच्या हत्तीची सोंड पहिल्या तासातच गळून पडते, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

उंचीचा मात्र विचार फारसा कोणी करीत नाही. पहिलीतल्या मुलाची नजर जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आतच असते. तरीही त्याचे चित्र मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर येईल असे टांगले जाते, आणि आपलेच चित्र पाहण्यासाठी त्याला टाचा उंचवाव्या लागतात. लहान वर्गांची चित्रे खाली आणावीत. मोठ्यांनी थोडे वाकावे. वाकल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

निवड मुलानेच करावी असे म्हटले की शिक्षक हसतात. पण त्यासाठी जूनपासून तयारी हवी. प्रत्येक मुलाची चित्रे पुठ्ठ्याच्या एका घडीत तारीखवार जमवीत गेले, तर डिसेंबरात त्याच्यापुढे पंधरा-वीस चित्रे असतात. त्यांतून 'हेच' असे तो ज्या चित्राबद्दल म्हणतो, ते पुष्कळदा शिक्षकाच्या पसंतीचे नसते. का, असे विचारले तर तो सांगतोही. ते कारण त्याच्याच शब्दांत नावाखाली लिहावे. "आमच्या म्हशीला रेडकू झालं त्या रात्रीचं चित्र" ही ओळ वाचल्यावर त्या काळ्या फराट्यांकडे पाहणारा पुन्हा पाहतो.

नावाचा आग्रह आम्ही का धरतो, हे सांगण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. व्हिएन्ना येथे 1898 साली जन्मलेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीस 1942 च्या डिसेंबरात नाझींनी तेरेझिन येथील ज्यू लोकांच्या कोंडवाड्यात धाडले. तेथे त्यांनी मुलांना चित्रकला शिकविली. कागद मिळत नसे. कचेरीच्या वापरलेल्या कागदांच्या पाठीवर मुले काढीत. प्रत्येकाने आपल्या चित्रावर आपले नाव घालावे असा बाईंचा आग्रह असे. जेथे माणसास क्रमांक देऊन गाडीत चढविले जाई, तेथे हा आग्रह लहान नव्हता. 1944 च्या ऑक्टोबरात त्यांना आउश्वित्झ येथे नेऊन ठार मारण्यात आले. त्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. दोन पेट्यांत लपवून ठेवलेली सुमारे 4500 चित्रे मात्र राहिली. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांतील अनेक मुलांनी मागे ठेवलेले असे एवढेच, एक चित्र आणि त्यावरचे नाव.

आता बक्षिसांविषयी. स्पर्धा वाईट असे आम्ही म्हणत नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 साली दिल्लीत मुलांसाठी सुरू केलेल्या चित्रस्पर्धेने देशोदेशींच्या मुलांस उमेद दिली. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांचाही आपला उपयोग आहे. हाताला वळण लागते. पण स्पर्धा स्पर्धेच्या दिवशी व्हावी. भिंतीवर एका चित्राला 'प्रथम क्रमांक' ही सोनेरी पट्टी लागली की पाहणारा तेवढेच पाहून चहाकडे वळतो.

पालकांसही एक विनंती. मुलाच्या चित्रापाशी आल्यावर "हे काय काढलेस?" असे एकदम विचारू नये, "याबद्दल सांग ना," असे म्हणावे. शेजारच्या मुलाच्या चित्राशी तुलना तर करूच नये. घरी येईपर्यंत काही बोलला नाहीत तरी चालेल, पण त्या चित्रापुढे थोडा वेळ थांबावे.

प्रदर्शन संपल्यावर काय होते, हे पाहावयास आम्ही एकदा मुद्दाम थांबलो होतो. चित्रे भराभर उतरवून कपाटावर टाकण्यात आली, आणि पुढच्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांबरोबर ती रद्दीत गेली. त्याऐवजी चित्रे परत देण्याचा दिवस प्रदर्शनाच्या पत्रिकेवरच छापावा, आणि त्या दिवशी वर्गशिक्षकाने एकेक नाव पुकारून, चित्र गुंडाळून, वर दोरा बांधून ज्याच्या त्याच्या हातात द्यावे. दोऱ्याचे एक रीळ एवढ्यास पुरते.